इंग्रजीच्या वर्गात कविता लिहून घ्यावी का?

इंग्रजी ही ज्यांची मायबोली नाही आणि वर्गाबाहेर जी क्वचितच बोलावी लागते, अशा विद्यार्थ्यांना ती शिकवताना कविता दोन प्रकारे वापरली जाते. पाठ्यपुस्तकातली कविता वाचायची, तिचा अर्थ लावायचा, अलंकार ओळखायचे, हा पहिला प्रकार सर्वांच्या परिचयाचा आहे. महाराष्ट्रात दहावीच्या इंग्रजीत कवितेचे रसग्रहण शीर्षक, कवी, यमकरचना, अलंकार, मध्यवर्ती कल्पना अशा ठरलेल्या मुद्द्यांवर लिहावे लागते, ते याच प्रकारात मोडते. दुसऱ्या प्रकारात विद्यार्थी स्वतःच इंग्रजीत कविता लिहितात. ॲलन मेली आणि ॲलन डफ यांचे ‘द इनवर्ड इअर’ हे भाषेच्या वर्गातल्या कवितेवरचे पुस्तक १९८९ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने काढले. डेव्हिड हॅनावर यांचे ‘पोएट्री ॲज रिसर्च’ २०१० मध्ये आले आणि दुसऱ्या भाषेतले कवितालेखन हा संशोधनाचा विषय म्हणून त्यात मांडला गेला. तरीही वर्गात शिकवणाऱ्यांचे यावर एकमत नाही. त्यांच्यातला मतभेद पुढे वादाच्या जुन्या रीतीने मांडला आहे. पूर्वपक्ष कवितालेखनावर आक्षेप घेतो, उत्तरपक्ष त्याचे समर्थन करतो आणि दोघांना जे मान्य करावे लागले त्यावरून शेवटी निर्णय काढला आहे.

पाया कच्चा असताना

पूर्वपक्ष : कविता हा भाषेचा सर्वांत अवघड वापर आहे. मायबोलीतही ती सगळ्यांना साधत नाही. ‘ही गो’ आणि ‘ही गोज’ यांतला फरक ज्याच्या अजून अंगवळणी पडलेला नाही, ज्याच्यापाशी जेमतेम काहीशे शब्द आहेत, त्याला इंग्रजीत कविता लिहायला लावणे म्हणजे पोहायला येण्याआधी सूर मारायला सांगणे. आधी वाक्य, मग परिच्छेद, मग निबंध आणि त्यानंतर वेळ उरलाच तर कविता, हा क्रम सरळ आहे.

उत्तरपक्ष : सुनीत किंवा खंडकाव्य डोळ्यांपुढे ठेवले तर हा क्रम बरोबर ठरेल. वर्गातली कविता तशी नसते. कौन्सिल ऑफ युरोपने २००१ मध्ये भाषा येण्याच्या सहा पातळ्यांची जी चौकट प्रसिद्ध केली, तिच्यात माणसांविषयी साध्या कविता लिहिता येणे हे खालून दुसऱ्या, म्हणजे ‘ए-टू’ पातळीवरच अपेक्षित धरले आहे. निबंधाची वेळ त्यानंतर येते. अमेरिकन कवी केनेथ कोक यांनी १९६८ पासून न्यूयॉर्कच्या ‘पी. एस. ६१’ या प्राथमिक शाळेत मुलांकडून कविता लिहून घेतल्या आणि १९७० मध्ये ‘विशेस, लाइज अँड ड्रीम्स’ या पुस्तकात ती पद्धत सांगितली. पद्धत अगदी साधी होती. प्रत्येक ओळीची सुरुवात ठरलेली: ‘आय विश’. किंवा ओळीचे दोन भाग ठरलेले: ‘आय यूज्ड टू’ आणि त्यापुढे ‘बट नाऊ’. उरलेले मुलाने भरायचे. यमकाची सक्ती नाही. स्पॅनिश येणाऱ्या मुलांना मधूनमधून स्पॅनिश शब्द वापरायची मोकळीक होती.

पूर्वपक्ष : न्यूयॉर्कच्या मुलांच्या कानावर रस्त्यात, दुकानात, दूरचित्रवाणीवर दिवसभर इंग्रजी पडत होते. महाराष्ट्रात मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी २००० साली आले, पण बहुतेक गावांत तास संपला की ते संपते. जपानमधल्या विद्यार्थ्याचीही गत फारशी वेगळी नाही. कोकचा अनुभव इथे लागू करता येणार नाही.

उत्तरपक्ष : अनुभव नाही, साचा उचलता येतो. ‘आय यूज्ड टू… बट नाऊ…’ हा साचा पाहावा. पूर्वी नेहमी घडे, आता घडत नाही, असे सांगणारी ही रचना व्याकरणाच्या पुस्तकात एक नियम आणि दहा सुटी वाक्ये देऊन शिकवली जाते. त्या दहा वाक्यांतल्या माणसांशी विद्यार्थ्याचे काही देणेघेणे नसते. हीच रचना स्वतःविषयी दहा ओळी लिहिताना दहा वेळा वापरली जाते आणि दरवेळी तिच्यात खरी किंवा रचलेली का होईना, पण त्याची स्वतःची गोष्ट असते.

दुसरा साचा पाच ओळींचा आहे. त्याचे मूळ नाव सिंक्वेन. अमेरिकन कवयित्री ॲडलेड क्रॅप्सी (१८७८–१९१४) यांनी तो घडवला तेव्हा प्रत्येक ओळीतली उच्चारातली अक्षरे मोजलेली होती: दोन, चार, सहा, आठ आणि पुन्हा दोन. शाळांत तो सोपा होऊन शब्दांवर आला. पहिल्या ओळीत एक नाम, दुसरीत दोन विशेषणे, तिसरीत ‘इंग’ लागलेली तीन क्रियापदे, चौथीत चार शब्दांचे वाक्य किंवा वाक्यांश, पाचवीत पुन्हा एक नाम. वर्गात बनू शकेल असे एक उदाहरण घ्यावे:

बस
फुल, लेट
शेकिंग, स्टॉपिंग, कॉफिंग
एव्हरीवन नोज माय स्टॉप
होम

पूर्वपक्ष : ही ‘रिकाम्या जागा भरा’चीच दुसरी आवृत्ती झाली. तिला कविता म्हणण्याचे कारण नाही.

उत्तरपक्ष : रिकाम्या जागेचे उत्तर पुस्तकाच्या मागे छापलेले असते. इथे उत्तर ठरलेले नसते, म्हणून शब्द निवडावा लागतो. पहिल्या खर्ड्यात दुसऱ्या ओळीत बहुधा ‘बिग, नाइस’ येते, कारण हे शब्द सर्वांत आधी सुचतात. शिक्षक विचारतो, कोणती बस? सकाळची की रात्रीची? तेव्हा ‘फुल, लेट’ सापडते. तिसऱ्या ओळीत बसला खोकायला लावता येईल का, यावर वर्गात वाद होतो आणि ‘कॉफ’ या क्रियापदाचा अर्थ, उच्चार, वापर तिन्ही गोष्टी त्या वादात पक्क्या होतात. चौथ्या ओळीत विद्यार्थी ‘एव्हरीवन नो’ लिहितो. ‘एव्हरीवन’चा अर्थ अनेकवचनी असला तरी क्रियापद एकवचनी लागते, हे सांगायला याहून योग्य जागा मिळणार नाही. ‘ही गोज’चाच नियम आहे, पण आता तो त्याच्या स्वतःच्या ओळीला हवा आहे.

चूक की मुभा

पूर्वपक्ष : इथेच दुसरी अडचण निघते. कवी व्याकरण मोडतो आणि त्याला दाद मिळते. विद्यार्थी तेच करतो तेव्हा त्याला दाद द्यायची की तांबडी रेघ मारायची? एकदा कवितेत सगळे चालते असे ठरले की प्रत्येक चुकीला ‘ती माझी शैली आहे’ हे उत्तर तयार असते. शिवाय ज्याला नियमच माहीत नाही त्याने नियम मोडला असे म्हणता येत नाही.

उत्तरपक्ष : यावर निर्णय देण्याचा सोपा मार्ग म्हणजे विद्यार्थ्यालाच विचारणे. हा शब्द इथे असाच का? उत्तर देता आले तर ती निवड, देता आले नाही तर ती चूक. हेन्री विडोसन यांनी १९७५ मध्ये शैलीविज्ञान आणि साहित्याचे अध्यापन यांवरच्या पुस्तकात दाखवले की साहित्यातली रूढ नियमांपासूनची फारकत अर्थपूर्ण ठरते, ती त्या रचनेतल्या इतर गोष्टींशी जुळलेली असते म्हणून. हीच कसोटी विद्यार्थ्याच्या पाच ओळींना लावता येते. बसचे खोकणे तिच्या थरथरण्याशी आणि थांबण्याशी जुळते. ‘एव्हरीवन नो’ कशाशीच जुळत नाही.

पूर्वपक्ष : कसोटी मान्य केली तरी एक गोष्ट राहतेच. वरच्या पाच ओळी पुन्हा पाहाव्यात. त्यांत ‘अ’ किंवा ‘द’ एकदाही आलेले नाही. मराठीत उपपदे नाहीत, जपानीतही नाहीत, म्हणून या दोन्ही भाषांचे विद्यार्थी इंग्रजी लिहिताना तिथेच वारंवार अडखळतात. सिंक्वेनमध्ये चौथी ओळ सोडली तर नामे सुटी, विशेषणे सुटी, क्रियापदांना काळ नाही, कर्ता नाही. जे येत नाही ते सगळे या साच्यात झाकले जाते आणि विद्यार्थ्याला आपले इंग्रजी आहे त्याहून चांगले वाटू लागते.

उत्तरपक्ष : हा आक्षेप खरा आहे आणि कवितेचे समर्थक तो नेहमी टाळतात. सुट्या शब्दांचे साचे शब्दसंग्रह वाढवतात, वाक्य शिकवत नाहीत. आयरिस टीट यांनी १९६९ मध्ये मांडलेला ‘डायमांटे’ हा सात ओळींचा, हिऱ्याच्या आकाराचा साचाही याच जातीचा आहे. त्याच्या पहिल्या आणि शेवटच्या ओळीत परस्परविरोधी नामे असतात आणि मधल्या ओळीत एका बाजूकडून दुसरीकडे वळायचे असते. विरुद्धार्थी शब्द आणि शब्दांच्या जाती शिकवायला तो उत्तम, पण तेवढ्याच पुरता. म्हणून साचा निवडताना तो सुंदर आहे का यापेक्षा तो कोणती अडचण विद्यार्थ्यापुढे आणतो हे पाहावे लागते. भूतकाळासाठी ‘आय यूज्ड टू’, अटीच्या वाक्यांसाठी ‘इफ आय वेअर’, शब्दयोगी अव्ययांसाठी प्रत्येक ओळ ‘अंडर’, ‘बिहाइंड’, ‘बिट्वीन’ यांनी सुरू होणारी, एखाद्या जागेचे वर्णन करणारी कविता. या शेवटच्या साच्यात ‘अंडर द बेड’, ‘बिहाइंड अ क्लाउड’ असे लिहिताना ‘अ’ की ‘द’ हा प्रश्न प्रत्येक ओळीत सोडवावाच लागतो. खाट घरातली माहीत असलेली, म्हणून ‘द’. ढग कोणताही एक, म्हणून ‘अ’.

लय, आघात आणि यमक

पूर्वपक्ष : कविता म्हटली की विद्यार्थी यमक शोधू लागतो. इंग्रजीत यमक डोळ्यांना फसवते. ‘कम’ आणि ‘होम’ यांचे शेवट कागदावर सारखे, उच्चारात वेगळे. ‘कॉफ’, ‘दो’ आणि ‘थ्रू’ यांचेही स्पेलिंग एकाच चार अक्षरांनी संपते आणि उच्चार तीन तऱ्हांचे होतात. विद्यार्थी यमक जुळवताना अर्थाला मुरड घालतो आणि एवढे करून यमक जुळलेले नसतेच.

उत्तरपक्ष : सुरुवातीला यमक वर्ज्य ठेवावे, हे कोक यांचेही मत होते. यमकामागे धावताना मुले स्वतःचे म्हणणे सोडून देतात, हे त्यांनी पाहिले होते. पण नंतरच्या टप्प्यावर हीच फसवणूक कामाची ठरते. डोळ्यांना पटलेले यमक मोठ्याने म्हटल्यावर कानाला खटकले की स्पेलिंग आणि उच्चार यांतली दरी विद्यार्थ्याला स्वतःच सापडते. याद्या पाठ करून ती तशी सापडत नाही.

यमकापेक्षा महत्त्वाची गोष्ट आघाताची आहे. मराठी वृत्ते लघू आणि गुरू अक्षरांवर, त्यांच्या मात्रांवर उभी आहेत. इंग्रजी छंद अक्षरावरच्या आघातावर उभा आहे. मराठी माणूस ‘बनाना’ म्हणताना तिन्ही अक्षरांना जवळपास सारखा न्याय देतो. इंग्रजीत जोर मधल्या अक्षरावर येतो आणि कडेची दोन्ही अक्षरे निस्तेज होतात. ‘फोटोग्राफ’मध्ये आघात पहिल्या अक्षरावर असतो, ‘फोटोग्राफर’मध्ये तो दुसऱ्यावर सरकतो आणि त्याबरोबर स्वरही बदलतात. नियम म्हणून हे सांगितले तर विसरले जाते. स्वतःची ओळ वर्गापुढे म्हणून दाखवायची असली की ती तालात बसवण्यासाठी आघात शोधावाच लागतो. कॅरोलिन ग्रॅहम यांच्या ‘जॅझ चांट्स’ या १९७८ च्या पुस्तकाने इंग्रजी बोलण्याचा ताल टाळ्यांच्या आणि समूहघोषाच्या आधाराने शिकवायची वाट रूढ केली. विद्यार्थ्याने स्वतःच्या ओळी तशा म्हणणे ही त्याच वाटेवरची पुढची पायरी आहे.

पूर्वपक्ष : मग हायकूचे काय? जपानमध्ये इंग्रजीच्या वर्गात हायकू लिहून घेतात आणि पाच-सात-पाचचा हिशेब सांगतात. जपानी भाषेतले मोजमाप इंग्रजीला लावणे कृत्रिम आहे.

उत्तरपक्ष : कृत्रिम आहेच. जपानी हायकूत मोजले जातात ते मात्रेच्या जवळ जाणारे लहान ध्वनिघटक. सतरा घटकांत जपानी भाषेत जेवढे मावते त्यापेक्षा इंग्रजीच्या सतरा अक्षरांत जास्त मावते. म्हणून इंग्रजीत हायकू लिहिणारे अनेक कवी सतराहून कमी अक्षरांत थांबतात. वर्गात मात्र या मोजणीचा वेगळा उपयोग होतो. इंग्रजीतला ‘स्ट्राँग’ हा शब्द एका अक्षराचा आहे. जपानीत तोच शब्द उसना घेतला की ‘सुतोरोंगु’ होतो, पाच घटकांचा. इंग्रजी ओळ मोजू लागल्यावर जपानी विद्यार्थ्याला कळते की आपण व्यंजनांच्या मध्ये स्वर घालत आलो आहोत. मराठी विद्यार्थ्याची अडचण ही नाही, कारण मराठीत जोडाक्षरे भरपूर आहेत. त्याला हायकू दुसऱ्या कारणाने जवळचा आहे. कवयित्री शिरीष पै यांनी तो मराठीत रुजवला, त्यामुळे तीन ओळींत एक क्षण टिपायचा हे त्याने आपल्या भाषेत आधीच पाहिलेले असू शकते. ओळखीचा आकार आणि परकी भाषा, एवढीच नवी गोष्ट उरते.

गद्याला त्याचा काय उपयोग

पूर्वपक्ष : विद्यार्थ्याला पुढे अर्ज लिहायचा आहे, ईमेल लिहायचा आहे, अहवाल द्यायचा आहे, मुलाखतीत बोलायचे आहे. आठवड्याला मोजके तास, वर्गात साठ मुले. अशा वेळी हायकूला तास देणे ही चैन आहे. कविता लिहिणारा चांगला अर्ज लिहितो, असे कोणी सिद्ध केले आहे का?

उत्तरपक्ष : निर्विवाद सिद्ध झाले आहे असे म्हणता येत नाही. हॅनावर यांनी अमेरिकेतल्या विद्यापीठात इंग्रजी ही दुसरी भाषा म्हणून शिकणाऱ्यांच्या कविता तपासल्या आणि अशा कवितेची वैशिष्ट्ये वर्णन करता येतात, तिच्यातून लिहिणाऱ्याचे जगणे वाचता येते, असे मांडले. जपानी संशोधक आत्सुशी ईदा यांनी जपानी विद्यार्थ्यांच्या इंग्रजी हायकू-लेखनाचा त्यांच्या गद्यलेखनाशी काय संबंध येतो, हेही तपासले आणि कवितेत मिळवलेले काही गद्यात उतरते या बाजूने निष्कर्ष काढला.

पूर्वपक्ष : अशा अभ्यासांत गट बहुधा लहान असतो. शिकवणारा आणि तपासणारा बहुधा एकच असतो. हौशीने शिकवणाऱ्याच्या वर्गात कोणतीही पद्धत यशस्वी होते. तेवढ्यावरून अभ्यासक्रम बदलता येत नाही.

उत्तरपक्ष : मान्य. म्हणून संशोधनापेक्षा वर्गातल्या साध्या हिशेबावर भर द्यावा. कॅनडात फ्रेंच माध्यमातून शिकणाऱ्या इंग्रजी भाषक मुलांचा अभ्यास करताना मेरिल स्वेन यांना आढळले की वर्षानुवर्षे फ्रेंच ऐकून, वाचूनही त्यांच्या बोलण्यालिहिण्यात कच्चेपणा राहतो. त्यावरून त्यांनी असे मांडले की भाषा स्वतः घडवून वापरावी लागते तेव्हा शिकणाऱ्याला आपल्या भाषेतली तूट जाणवते.

पूर्वपक्ष : हे निबंधालाही लागू आहे, पत्रालाही. कवितेच्या बाजूने त्यातून काही निघत नाही.

उत्तरपक्ष : कवितेच्या बाजूने तिची लांबी आहे. साठ मुलांनी दीडशे शब्दांचा निबंध लिहिला तर शिक्षकापुढे नऊ हजार शब्द येतात. तो ते घरी नेतो, आठवड्याने तपासून परत देतो. तोवर विद्यार्थ्याला आपण काय लिहिले होते याची आठवणही राहिलेली नसते, आणि निबंध पुन्हा लिहून काढणे तर घडतच नाही. साठ मुलांनी वीस शब्दांची कविता लिहिली तर शब्द होतात बाराशे. शेजारच्याला दाखवणे, वर्गात फिरून शिक्षकाने पाहणे, दुसरा खर्डा, तिसरा खर्डा, हे सगळे एका-दोन तासांत बसते. आपलेच लिहिलेले खोडून सुधारण्याची सवय गद्यलेखनाला सर्वांत जास्त उपयोगाची असते आणि ती सवय लागायला लहान मजकूर लागतो. छोटी गद्य टिपणे हे काम काही प्रमाणात करतात. पण टिपणात एक शब्द बदलला तरी फारसे बिघडत नाही, म्हणून तो बदलावासा वाटत नाही. पाच ओळींत ‘बिग’च्या जागी ‘फुल’ आले की सगळी रचना बदलते आणि हे विद्यार्थ्याला स्वतःला दिसते.

मनातले कागदावर

पूर्वपक्ष : कवितेत माणूस मनातले बोलतो. वर्गातल्या मुलाने घरातले भांडण, आजीचा मृत्यू, स्वतःची भीती इंग्रजीत लिहून दिली तर शिक्षकाने काय करायचे? तो समुपदेशक नाही. दुःखाच्या ओळीत भूतकाळ चुकला आहे हे सांगणे क्रूरपणाचे, आणि न सांगणे म्हणजे भाषेचा शिक्षक म्हणून काम टाळणे.

उत्तरपक्ष : मार्च २०११ च्या पूर्व जपानमधल्या भूकंप आणि त्सुनामीच्या अनुभवावर जपानी विद्यार्थ्यांनी इंग्रजीत लिहिलेल्या कवितांचा ईदा यांनी पुढे अभ्यास केला. मर्यादित भाषेत मोठा आघात सांगता येतो, हे त्या कवितांवरून दिसते. म्हणजे शक्यता खरी आहे आणि म्हणून जबाबदारीही खरी आहे. ती पार पाडायला काही बंधने पाळावी लागतात. विषय नेहमी दोन-तीन द्यावेत, त्यांतला एक तरी निरुपद्रवी असावा: बस, पाऊस, आवडता पदार्थ. कवितेतला ‘मी’ कोणीही असू शकतो, हे आधीच सांगावे. मग खरे लिहिणाऱ्याला आडोसा मिळतो आणि रचून लिहिणाऱ्याला संकोच वाटत नाही. कविता वर्गात वाचून दाखवण्याची सक्ती नसावी. शिक्षकाचा पहिला शेरा मजकुरावर असावा, भाषेवरचा दुसऱ्या खर्ड्याच्या वेळी. क्रम पाळला की भूतकाळाची चूक दाखवणे क्रूर ठरत नाही. ओळ जास्त नेमकी होण्यासाठी ती मदत असते आणि विद्यार्थ्याला ती तशी वाटतेही.

पूर्वपक्ष : बंधने योग्य आहेत. पण ज्या शिक्षकाने स्वतः कधी इंग्रजीत चार ओळी लिहिल्या नाहीत त्याला ती पाळता येतील का?

उत्तरपक्ष : येणार नाहीत. मेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आशियातल्या इंग्रजीच्या शिक्षकांचे लेखनगट जमवले त्यामागे हेही एक कारण होते. शिक्षकाने आधी स्वतः लिहावे, स्वतःच्या भाषेची तूट स्वतः अनुभवावी. त्या गटांतल्या बहुतेक शिक्षकांची इंग्रजी ही मायबोली नव्हती. ही उणीव न राहता पात्रताच ठरली, कारण विद्यार्थी कुठे अडेल हे त्यांना आतून माहीत होते.

दोन भाषा एकाच हाताने चालवणाऱ्या कवींची परंपरा मराठीत आहेच. अरुण कोलटकर यांचा ‘जेजुरी’ हा १९७६ चा इंग्रजी संग्रह आणि त्यांची मराठी कविता, दिलीप चित्रे यांचे दोन्ही भाषांतले लेखन, यांवरून हे दिसते की इंग्रजीत लिहिणाऱ्याला आपला मुलूख मागे टाकावा लागत नाही. शाळेतल्या मुलाकडून त्या उंचीची अपेक्षा कोणी करत नाही. पण जेजुरीची पायरी, एसटीचा थांबा, पोळ्याचा बैल हे इंग्रजी कवितेचे विषय होऊ शकतात, एवढा विश्वास त्याला देता येतो. डॅफोडिल न पाहिलेल्या मुलाला डॅफोडिलवर लिहावे लागत नाही.

गुणांचा प्रश्न

पूर्वपक्ष : शेवटी सगळे परीक्षेशी येऊन थांबते. बारावीच्या इंग्रजी कृतिपत्रिकेत कवितेच्या प्रश्नाखाली दिलेल्या विषयावर दोन-चार ओळी रचण्याची कृती आली. लगेच बाजारातल्या मार्गदर्शिकांत विषयवार तयार ओळी आल्या. मुले त्या पाठ करतात. गुण दिले तर पाठांतर होते, गुण दिले नाहीत तर कोणी लिहीत नाही. त्यात आता संगणकाला सांगितले की तो क्षणात निर्दोष सिंक्वेन काढून देतो.

उत्तरपक्ष : तयार कवितेला गुण दिले तर असेच होणार. परीक्षेच्या दालनात पाच मिनिटांत लिहिलेल्या चार ओळींवरून ना भाषा कळते ना कल्पकता. गुण बदलांना द्यावेत. पहिला, दुसरा आणि तिसरा खर्डा एकत्र ठेवायचा आणि कोणता शब्द का बदलला हे विद्यार्थ्याने दोन वाक्यांत सांगायचे. सांगताना मराठीची मदत घेतली तरी चालेल. पाठ केलेल्या कवितेला खर्डे नसतात. यंत्राने दिलेल्या कवितेला खर्डे बनवून आणता येतात, पण वर्गात बसून, कागदावर, शेजाऱ्याशी बोलत लिहिले तर त्या उचापतीपेक्षा वीस शब्द स्वतः लिहिणे सोपे पडते. सौंदर्याला गुण नकोत. दोन परीक्षकांचे त्यावर एकमत होत नाही आणि भाषाशिक्षणाला त्याची गरजही नाही.

पूर्वपक्ष : साठ मुलांच्या प्रत्येकी तीन खर्ड्यांचे बाड सांभाळणे सोपे नाही. राज्यमंडळाच्या परीक्षेत तर ते अशक्यच.

उत्तरपक्ष : राज्यमंडळाच्या लेखी परीक्षेत अशक्य, म्हणून ती कृती अंतर्गत मूल्यमापनात जास्त शोभते. बाड सत्रातून एका कवितेचे पुरे, आणि ती कोणती हे विद्यार्थ्याने निवडावे.

निर्णय

दोन्ही बाजू पाहता वाद कविता हवी की नको यावर फारसा उरत नाही. ती कशासाठी, केव्हा आणि कशी, यावर तो येऊन ठेपतो. पूर्वपक्षाचे चार मुद्दे टिकतात. सुट्या शब्दांचे साचे व्याकरणातले दोष झाकतात. यमकाची घाई अर्थ बिघडवते. कविता गद्य सुधारते हे अजून पक्के सिद्ध नाही. आणि तयार कवितेला दिलेले गुण पाठांतर वाढवतात. उत्तरपक्षाचे तीन मुद्दे टिकतात. कवितेची सुरुवात निबंधाच्या आधीही करता येते. थोडक्या शब्दांमुळे एका-दोन तासांतच लिहिणे, तपासणे आणि पुन्हा लिहिणे शक्य होते, आणि मोठ्या वर्गात हा फायदा सर्वांत जास्त असतो. स्वतःची ओळ मोठ्याने म्हणताना आघात आणि लय यांकडे जे लक्ष जाते ते इतर लेखनात जात नाही.

यावरून वर्गासाठी क्रम असा लागतो. प्राथमिक पातळीवर ठरलेल्या सुरुवातीच्या ओळी, सगळ्या वर्गाने मिळून रचलेली एक कविता, यमक नाही. त्यानंतर सिंक्वेन आणि डायमांटे, मुख्यतः शब्दसंग्रहासाठी, आणि त्यांतले प्रत्येक विशेषण व क्रियापद एकदा तरी बदलून पाहण्याच्या अटीवर. मधल्या पातळीवर शिकवायची रचना ज्यांत टाळता येत नाही असे साचे: काळाचे, अटीचे, शब्दयोगी अव्ययांचे. वरच्या पातळीवर हायकू, मुक्तछंद आणि हौस असेल त्याला यमक. महिन्यातून एखाद-दोन तास यासाठी पुरतात. उरलेले तास गद्याचे, संभाषणाचे आणि वाचनाचे राहतात. ज्या साच्यातून विद्यार्थ्यापुढे भाषेचा कोणताच नवा प्रश्न येत नाही तो साचा, मुलांना कितीही आवडला तरी, एका वापरानंतर बाजूला ठेवावा.